वस्तादाविना मैदान

माझा नातू पुण्याला शिकतो. दिवाळीला गावी आला की पहिली आंघोळ आणि फराळ उरकून आम्ही दोघे सोप्यात बसतो आणि कुस्तीच्या गोष्टी निघतात. गोष्टी मी सांगायच्या आणि त्याने ऐकायच्या, असा आजवरचा रिवाज. गेल्या दिवाळीत त्याने तो मोडला. हातातला फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "आबा, आज तुम्ही नुसतं बघा. मग सांगा, ही कुस्ती आहे का नाही."

पाहतो तो काय, जाळीचा आठकोनी पिंजरा! आत दोन उघडेबंब गडी, हातांत बोटे मोकळी राहतील असे आखूड मोजे. ठोसे, लाथा, गुडघे असे सगळेच चालले होते. "ही कसली कुस्ती? ही तर मारामारी," असे म्हणून मी फोन परत देणार, एवढ्यात त्यातला दाढीवाला गडी खाली वाकला आणि त्याने समोरच्याचा एकेरी पट काढला. समोरचा एका पायावर नाचत जाळीला टेकला. दाढीवाल्याने लगेच दुसरा पाय ओढला, त्याला खाली घेतले, पाठीवर स्वारी केली आणि आपल्या पायांनी त्याच्या दोन्ही पायांची मोळी बांधली. मी फोन परत द्यायचे विसरलो.

त्या गड्याचे नाव खबीब नुरमागोमेदोव. एकूण लढती २९, जिंकल्या २९, हरला एकही नाही. २०२० साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अजिंक्यपद कमरेला असताना त्याने खेळ सोडला. या वर्षभरात नातवाच्या मदतीने मी त्याच्या बहुतेक मोठ्या लढती पाहिल्या, काही दोनदोनदा पाहिल्या. कोल्हापुरात एका तालमीत मी सात वर्षे माती अंगाला लावली आहे. नाव कमावले असे मुळीच नाही. जत्रेच्या मैदानात मधल्या जोडांत माझी कुस्ती लागायची, इतकेच. पण डाव ओळखण्यापुरती नजर अजून शाबूत आहे. तेव्हा हा गडी मला कसा दिसला ते सांगतो.

मिश्र खेळाची ओळख

ज्या वाचकांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मुष्टियुद्ध, कुस्ती, ज्यूदो, लाथांचे खेळ या सर्वांची मिसळ करून हा खेळ झाला आहे. यूएफसी नावाच्या अमेरिकन संस्थेने १९९३ साली डेन्व्हर शहरात पहिला सामना भरवला, तेव्हा नियम नावालाच होते. पुढे वजनाचे गट आले, पंच आले, निषिद्ध मारांची यादी आली. आता पाच पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, अजिंक्यपदासाठी पाच. समोरचा बेशुद्ध पडला, पंचाने लढत थांबवली किंवा गड्याने हाताने थोपटून हार कबूल केली की निकाल. नाहीतर गुण मोजतात.

आपल्या कुस्तीशी मोठा फरक असा की, इथे पाठ लागली म्हणून कोणी हरत नाही. चीत झालेला गडीसुद्धा खालून पायांचा फास टाकून वरच्याची मान आवळू शकतो. म्हणजे आपली कुस्ती जिथे संपते, तिथून यांची निम्मी लढत सुरू होते. खबीबचे सगळे राज्य या उरलेल्या निम्म्यात होते.

डोंगरातली तालीम

कॉकेशस पर्वत आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामध्ये रशियाचा दागेस्तान नावाचा प्रांत आहे. वस्ती सुमारे तीस लाखांची, पण भाषा तीसहून अधिक. अवार भाषेचा थोर कवी रसूल गमझातोव याच मातीतला. या एवढ्याशा मुलुखाने पैलवान किती द्यावेत! अली अलियेव १९५९ ते १९६७ या काळात पाच वेळा जगज्जेता झाला. खासाव्युर्त गावी जन्मलेल्या बुवाइसार सैतियेवने ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके नेली. आपल्याकडे पंचगंगेच्या काठी जसे घराघरात एक तरी पोर तालमीत जाई, तसा तिथला प्रकार.

याच प्रांतातल्या सिल्दी नावाच्या डोंगरी खेड्यात २० सप्टेंबर १९८८ रोजी खबीबचा जन्म झाला. वडील अब्दुलमनाप स्वतः कुस्तीगीर. सैन्यात असताना ते ज्यूदो आणि सांबो शिकले. सांबो म्हणजे सोव्हिएत काळात ज्यूदो आणि निरनिराळ्या देशी कुस्त्या यांतून घडवलेली झुंज. नावाचा अर्थच मुळी 'शस्त्राविना स्वसंरक्षण' असा. गावी परतल्यावर अब्दुलमनाप यांनी राहत्या घराच्या खालच्या मजल्यावर तालीम काढली. वर संसार, खाली आखाडा. खबीब वयाच्या आठव्या वर्षापासून रीतसर कुस्ती शिकू लागला, पण त्याआधीची वर्षे त्याने त्या तालमीतली धडपड पाहण्यातच काढली.

नऊ वर्षांचा खबीब साखळीला बांधलेल्या अस्वलाच्या पिल्लाशी झोंबतो आहे, असे एक जुने चित्रीकरण जगभर गाजले. पोराची हिंमत पाहण्यासाठी बापाने केलेला हा उद्योग. मला तो काही आवडला नाही. मुक्या जनावराला आणि लहान पोराला असे जुंपू नये. पण त्या चित्रात माझे लक्ष दुसरीकडेच गेले. ते पोर दर वेळी अस्वलाच्या पायांनाच हात घालत होते. पट काढणे नवव्या वर्षीच अंगात मुरले होते.

पुढे कुटुंब माखाचकाला या राजधानीच्या शहरात आले. बापाने मुलाला कुस्तीनंतर ज्यूदो शिकवला, मग लढाऊ सांबो. २००९ आणि २०१० साली खबीब त्यात जगज्जेता झाला. २००८ सालीच तो मिश्र खेळात उतरला होता. रशिया आणि युक्रेनमध्ये १६ लढती जिंकून २०१२ च्या जानेवारीत तो अमेरिकेत गेला. तिथे सॅन होजे शहरात हावियेर मेंडेझ यांच्या तालमीत त्याने ठोसेबाजी सुधारली. पण वस्ताद एकच, जन्मदाता बाप.

कब्जा

आता त्याच्या लढण्याविषयी. उभ्या लढतीत तो फार देखणा नव्हता. ठोसे रुंद यायचे, हनुवटी वर असायची. जाणकार नेहमी म्हणत की, चांगला मुष्टियोद्धा याला एक दिवस झोपवील. पण मुष्टियोद्ध्याला ठोसा मारायला पाय रोवावे लागतात, आणि हा पायच रोवू देत नसे. खडाखडी चालू असताना पाऊल पाऊल पुढे सरकत समोरच्याला तो जाळीकडे रेटायचा. पाठीला जाळी लागली की मागे जायला वाट नाही. मग एकेरी पट. तो सुटला तर दुहेरी. तोही सुटला तर कमरेला मिठी आणि बाहेरची टांग. पहिला डाव फसला म्हणून हा थांबत नसे. फसलेल्या डावातूनच पुढचा काढायचा. आमचे वस्ताद म्हणायचे, "डाव एकटा नसतो रे, त्याच्यामागं त्याची भावकी असती." ती भावकी मला इथे दिसली.

२०१३ च्या मे महिन्यात एबल त्रुहियो या गड्याला त्याने एका लढतीत २१ वेळा खाली घेतले. यूएफसीत तो विक्रम ठरला.

खाली घेतल्यावर खरे काम सुरू होई. पडलेला गडी उठणार कसा? एक हात जमिनीला टेकवील, गुडघा पोटाखाली घेईल, जाळीला पाठ लावून सरकत उठेल. खबीब या तिन्ही वाटा बंद करी. आपल्या पायांत तो समोरच्याचे दोन्ही पाय अडकवून ठेवी, त्यामुळे गुडघा वर घेता येत नसे. मागून हात घालून टेकवलेल्या हाताचे मनगट ओढून घेई, म्हणजे तो खांबच निघून जाई. मनगटाच्या या पकडीला तिकडचे लोक 'दागेस्तानी बेडी' म्हणतात. मग मोकळ्या हाताने ठोसे. फार जोराचे नव्हे, पण न थांबणारे. ठोसा चुकवायला मान वळवावी तर गळा मोकळा होतो, आणि गळ्याभोवती हाताचा फास तयारच. ज्याला आपण कब्जा म्हणतो तो हाच. त्याच्या २९ विजयांपैकी ११ असे फास टाकून किंवा सांधा पिळून मिळवलेले, ८ ठोशांनी आणि १० गुणांवर.

या कब्जात सापडलेल्या गड्यांचे चेहरे पाहण्यासारखे असत. पहिल्या फेरीत राग, दुसरीत धाप, तिसरीत नुसती वाट पाहणे. २०१६ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला मायकेल जॉन्सनला खाली दाबून ठोसे घालताना हा त्याला चक्क समजावत होता की, बाबा रे, हार मान, अजिंक्यपदाची लढत मला मिळायला हवी हे तुलाही ठाऊक आहे. शेवटी खांद्याला पीळ बसल्यावर जॉन्सनने हार मानली.

सगळे गोडच होते असे नाही. २०१२ साली ब्राझीलच्या ग्लायसन तिबाऊला त्याला एकदाही खाली घेता आले नव्हते. तो गुणांवरचा विजय त्याला मिळायला नको होता, असे म्हणणारे आजही आहेत. मग गुडघ्याच्या दुखापतींनी २०१४ ते २०१६ अशी दोन वर्षे खाल्ली. तेव्हा खेळ सोडण्याचे विचारही त्याच्या मनात आले होते. २०१७ च्या मार्चमध्ये वजन उतरवताना प्रकृती बिघडून तो इस्पितळात गेला आणि टोनी फर्ग्युसनशी ठरलेली लढत रद्द झाली. ही जोड पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा मोडली. पैलवानकीचे खरे वैरी दोनच, गुडघा आणि काटा.

कोपऱ्यातली रिकामी जागा

अखेर ७ एप्रिल २०१८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अॅल आयक्विंटाला पाच फेऱ्यांत हरवून तो ७० किलो गटाचा अजिंक्यवीर झाला. पण त्या वेळी कोपऱ्यात वडील नव्हते. अमेरिकेचा व्हिसा न मिळाल्यामुळे अब्दुलमनाप यांना तिथल्या लढती घरूनच पाहाव्या लागत.

कोपऱ्यात आपला माणूस नसणे म्हणजे काय, हे आम्हा कोल्हापूर-साताऱ्याकडच्या लोकांना वेगळे सांगायला नको. १९५२ साली हेलसिंकीला गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ब्राँझपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या शोहाची इशीशी दमवणारी कुस्ती झाल्यावर पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवपुढे उभे केले आणि हरकत घ्यायला आपला अधिकारी जवळ नव्हता, ही हकीकत आमच्याकडे पोराटोरांना पाठ असते. पैलवान मैदानात एकटा उतरतो खरा, पण काठावर त्याच्या बाजूने बोलणारा कोणीतरी लागतो. त्याला आवरणारासुद्धा लागतो.

आवरणारा नसला तर काय होते हे ६ ऑक्टोबर २०१८ रोजी लास व्हेगासला दिसले. समोर आयर्लंडचा कॉनर मॅकग्रेगर. डाव्या हाताचा ठोसा जबर आणि जीभ त्याहून जबर. लढतीपूर्वी त्याने खबीबचा बाप, देश, धर्म काहीही सोडले नव्हते. खबीबने दुसऱ्या फेरीत उजव्या ठोशाने त्या ठोसेबहाद्दरालाच खाली बसवले. तिसरी फेरी पंचांनी मॅकग्रेगरला दिली. चौथीत खबीबने मागून जबड्या-मानेला मिठी घालून त्याला हार मानायला लावली. इथपर्यंत सारे उत्तम. पण दुसऱ्याच क्षणी हा गडी जाळीवरून उडी मारून मॅकग्रेगरच्या साथीदारावर धावून गेला आणि मोठा दंगा झाला. नेवाडा राज्याच्या मंडळाने त्याला पाच लाख डॉलर दंड आणि नऊ महिन्यांची बंदी ठोठावली. मॅकग्रेगरलाही सहा महिन्यांची बंदी आणि दंड झाला.

शिव्या कितीही खाल्ल्या असोत, निकाल लागल्यावर मैदान सोडून लोकांत उडी घेणे पैलवानाला शोभत नाही. हे त्यालाही कळत होते. त्याच रात्री पत्रकारांपुढे त्याने मंडळाची माफी मागितली आणि घरी गेल्यावर वडील आपली चांगलीच खरडपट्टी काढतील असेही सांगितले. अब्दुलमनाप यांनीही, माझी शिक्षा मंडळापेक्षा कडक असेल, असे जाहीर केले. जगज्जेता झालेला तीस वर्षांचा मुलगा बापाला भितो, हे ऐकून आमचा नातू हसला. मी हसलो नाही.

बंदी संपल्यावर ७ सप्टेंबर २०१९ रोजी अबू धाबीला लढत झाली. तिथे व्हिसाची अडचण नव्हती. यूएफसीच्या लढतीत वडील प्रथमच त्याच्या कोपऱ्यात बसले. समोरच्या डस्टिन पॉरिएला त्याने तिसऱ्या फेरीत गळ्याला फास टाकून हरवले आणि मग दोघांनी अंगातले सदरे बदलून घेतले. पॉरिएच्या धर्मादाय कामासाठी त्याचा लिलाव व्हावा म्हणून. आदल्या वर्षीचा दंगेखोर आणि हा, एकच माणूस. फरक एवढाच की, या वेळी वस्ताद काठावर होते.

शेवटची सलामी

३ जुलै २०२० रोजी मॉस्कोत करोनाच्या आजारातून उद्भवलेल्या गुंतागुंतीने अब्दुलमनाप वारले. वय ५७. त्यानंतर पावणेचार महिन्यांनी, २४ ऑक्टोबरला, खबीब पुन्हा अबू धाबीत उतरला. साथीचे दिवस, प्रेक्षक जवळजवळ नव्हतेच. समोर जस्टिन गेथ्जी, स्वतः महाविद्यालयीन कुस्तीत नावाजलेला आणि पायावर लाथ मारण्यात तरबेज. पहिल्या फेरीत त्याने खबीबच्या पोटरीवर जबर लाथा बसवल्या. दुसऱ्या फेरीत खबीबने त्याला खाली घेतले आणि दीड मिनिटाच्या सुमारास पायांच्या त्रिकोणी फासात त्याची मान धरली. त्या स्थितीतून हाताचे कोपरही मोडता आले असते. पण गेथ्जीच्या आईवडिलांच्या देखत त्याचा हात मोडायचा नव्हता म्हणून त्याने मान धरली, असे त्याच्या जवळच्या मित्राने पुढे सांगितले.

पंचाने लढत थांबवली आणि खबीब पिंजऱ्याच्या मधोमध गुडघ्यांवर बसून ढसाढसा रडला. हातातले मोजे काढून त्याने जमिनीवर ठेवले आणि ही आपली शेवटची लढत असल्याचे सांगितले. वडिलांशिवाय त्याने लढू नये अशी आईची इच्छा होती. तीन दिवस बोलणे झाल्यावर आईला त्याने शब्द दिला होता की, ही एकच, यापुढे नाही.

संस्थेने पुढे पुष्कळ आर्जवे केली. तिसावी लढत झाली असती तर पैशांचा पाऊस पडला असता. तो बधला नाही, आणि २०२१ च्या मार्चमध्ये त्याचे पद रिकामे झाल्याचे जाहीर झाले. अब्दुलमनाप यांचाच दुसरा पठ्ठा आणि खबीबचा बालमित्र इस्लाम माखाचेव याने २०२२ च्या ऑक्टोबरात त्याच अबू धाबीत ते पद जिंकले. तेव्हा कोपऱ्यात वस्तादांच्या जागी खबीब होता.

पदाचे रक्षण त्याने तीनच वेळा केले, फर्ग्युसनशी गाठ पडलीच नाही, म्हणून त्याला सर्वश्रेष्ठ म्हणू नये असा एक पक्ष आहे. त्या वादात मी पडत नाही. ती शेवटची लढत पाहून संपल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही. नातवाने विचारले, "आबा, काय झालं?"

माझा उजवा गुडघा वाकत नाही. घरात सगळ्यांना मी आजवर सांगत आलो की, तो बैलगाडीवरून पडून गेला. ते खोटे आहे. १९७९ च्या थंडीत आमचे वस्ताद वारले. जाण्यापूर्वी त्यांनी मला जवळ बोलावून सांगितले होते, "गुडघ्यात पाणी धरतंय तुझ्या. आता लांग सोड, शेतीकडं बघ." मी हो म्हणालो होतो. चैत्रात लांबच्या एका गावच्या जत्रेतून सांगावा आला. इनाम बरे होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, लोक अजून आपले नाव घेतात याचा आनंद होता. कुणाला न सांगता गेलो. कुस्ती लागली, दहाएक मिनिटे खडाखडी झाली आणि सवयीने माझी नजर काठावर गेली. वस्ताद तिथे पटका सावरत उकिडवे बसायचे आणि नुसत्या बोटाने सांगायचे की, थांब किंवा घूस. तिथे कोणी नव्हते. तेवढ्या अवधीत समोरच्याने पट काढला. त्याचा काही दोष नाही, चांगला पट होता.

हे सगळे मी नातवाला त्या दिवशी सांगितले. चाळीस वर्षांहून अधिक काळ जपलेली बैलगाडी एका सकाळीत मोडीत निघाली. तो काही वेळ गप्प राहिला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "आबा, तो माणूस शब्द पाळू शकला, कारण त्यानं आईला सांगून ठेवलं होतं. तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं."

पोरगे खरे बोलले. यंदाच्या दिवाळीत तो आला की पुन्हा पहिल्यापासून सगळ्या लढती लावायला सांगणार आहे. तिबाऊच्या लढतीत पट का निघत नव्हता, ते मला अजून नीट बघायचे आहे.